चार अंशांवरची माणसं

गिरिजा मॉर्च्युरीत, म्हणजे शवागारात, काम करते हे इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या मराठी मंडळींना माहीत होतं, पण ते कुणी तोंडानं म्हणत नसे. "ती हॉस्पिटलात असते," एवढ्यावर भागायचं. एखाद्या बार्बेक्यूत कुणी नवी बाई विचारायची, "नर्स का?" की लगेच दुसऱ्या कुणाला तरी प्लेटा उचलायची आठवण व्हायची. गिरिजा हसून विषय बदलायची. नवरा प्रज्ञेशही बदलायचा, फक्त तो जरा जास्त घाईनं बदलायचा.

ती मूळची परभणी जिल्ह्यातली, जिंतूरची. वडील कडूबा शाळेत विज्ञान शिकवायचे. घरीदारी सगळे त्यांना आबा म्हणत. आबांचे वडील खेड्यात मेलेली ढोरं ओढायचे. धम्म घेतल्यावर त्यांनी ते काम सोडलं आणि काम सोडलं म्हणून गावानं त्यांना सोडलं. पीठगिरणी बंद, विहीर बंद, बोलणं बंद. बिऱ्हाड पाठीवर घेऊन ते जिंतूरला आले आणि रस्त्याची खडी फोडून त्यांनी पोराला बी. एस्सी. केलं. त्यामुळं आबांच्या घरात दोनच गोष्टींना मान होता, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला आणि पुस्तकाला. कुणापुढं हात जोडायचे नाहीत, हे पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवलेलं.

वर्गात आबा दोन पेले ठेवायचे, एकात गार पाणी, एकात कढत. दोन्हींत शाईचा एकेक थेंब सोडायचे. "बघा, कढत पाण्यात शाई कशी पळायलीय. रेणू तापले की बापाचं ऐकत नाहीत. अन्‌ गार पडले की तेच रेणू माघातल्या म्हाताऱ्यावानी घोंगडीत मुटकुळं करून बसतात. बसतात, पण मरत नाहीत बरं का! ऊब लागली की पुन्हा उठतात." गिरिजा याच शाळेत शिकली, आबांच्याच वर्गात बसली आणि पुढं औरंगाबादला रसायनशास्त्रात एम. एस्सी. झाली. आबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

लग्नानंतर ती प्रज्ञेशसोबत इंग्लंडला आली. त्याची आयटीतली नोकरी, ब्रॅकनेलला ऑफिस. पोरगी झाली, अन्वी. पोरगी नर्सरीत जायला लागल्यावर गिरिजानं अर्ज टाकायला सुरुवात केली. कुठं "यूके एक्स्पीरियन्स" हवा असायचा, कुठं मधल्या वर्षांच्या गॅपबद्दल गोड आवाजात विचारायचे आणि पुन्हा फोनच यायचा नाही. मग सुपरमार्केटच्या काउंटरवर तिनं हॅम कापलं, चीज कापलं. तिथंच ब्रेकमध्ये फोनवर तिला जाहिरात दिसली. जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलला मॉर्च्युरीसाठी ट्रेनी हवा होता.

मुलाखतीत मॅनेजर कॉलिननं विचारलं, "माणूस मेल्यावर शरीराचं काय होतं, याचा कधी विचार केलाय?" उमेदवाराच्या चेहऱ्यावरचा रंग बघायला तो हा प्रश्न नेहमी विचारायचा. गिरिजानं मास्तरच्या मुलीसारखं उत्तर दिलं. पेशींमधली एन्झाइम्स मोकळी होतात आणि पेशीच खायला लागतात, आतड्यातल्या जिवाणूंना रान मोकळं मिळतं. या सगळ्या रासायनिक क्रिया आहेत आणि दहा अंश तापमान वाढलं की त्यांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून चार अंशांवर ठेवायचं. कॉलिन म्हणाला, "कधीपासून येऊ शकशील?"

घरी प्रज्ञेशनं ऐकता ऐकता लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "आबांना लॅब म्हणून सांग. हॉस्पिटलची लॅब. खोटं थोडंच आहे?"

"आहे," गिरिजा म्हणाली. पण सांगितलं तिनं तेच.

आणि ते काम तिला आवडलं. हे तर ती कुणालाच सांगू शकली नाही. सकाळी आत शिरल्यावर ती एकेका कप्प्यावरचं नाव वाचायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना मराठीत "काय आजोबा, बरी झोप लागली का?" असं विचारायची. नातेवाईक बघायला यायचे असले की चेहरा पुसायची, केस विंचरायची, हात चादरीवर नीट ठेवायची. ती माणसं आता कुणाचीच नव्हती आणि तेवढा वेळ तिची होती. घरी येताना मात्र ती दोनदा साबण लावायची. वास नसायचा, पण दारात प्रज्ञेशचं नाक जरा हलायचं.

या गोष्टीवर मोकळेपणी बोलायची एकच बाई, सुचेताकाकू. काकू आणि त्यांचे यजमान शशिकांतकाका सत्तरच्या दशकात पुण्याहून आलेले. काकांनी इंजिनिअर म्हणून जन्म काढला, मराठी मंडळाचे ते जुने अध्यक्ष. काकू शनिवारी मुलांना मराठी शिकवायच्या, अन्वीलाही. एकदा अन्वीला न्यायला आलेल्या गिरिजाला त्यांनी किचनमध्ये ओढलं आणि विचारलं, "काय गं, भीती नाही वाटत तुला?"

"आधी वाटायची. आता जिवंत माणसांची वाटते."

काकू खळखळून हसल्या. "मग माझी तुझ्याकडंच सोय लाव. आणि केस नीट विंचर हो, यांना आयुष्यात कधी कुणाचा भांग पाडता आला नाही."

२०२२च्या मे महिन्यात आबा पहिल्यांदाच इंग्लंडला आले. आल्या आल्या त्यांना कॅमडेनला जायचं होतं, किंग हेन्रीज रोडवर. बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले त्या घरात आबा पायातले बूट दाराबाहेर काढून शिरले आणि वरच्या खोलीत कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. बाहेर आल्यावर नागपूरकडचं एक कुटुंब भेटलं. त्यांना आबा न विचारताच सांगत होते, "माझी लेक हितं केमिस्ट आहे. हॉस्पिटलच्या लॅबमधी." गिरिजा रस्त्यापलीकडची झाडं बघत होती. त्यांना तिची लॅब बघायची होती. तिनं कोविडचं कारण सांगितलं, बाहेरच्यांना सोडत नाहीत म्हणून.

जुलैच्या सुरुवातीला सुचेताकाकू बागेत गुलाबांना पाणी घालता घालता कोसळल्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. माणूस असा अचानक गेला की इथं कॉरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणारा सरकारी अधिकारी, चौकशी लावतो. त्याच्या परवानगीशिवाय अंत्यविधी करता येत नाही. पोस्टमॉर्टेमला रांग होती. ते झालं तेव्हा मुलगा समर व्हँकुव्हरला कोविड पॉझिटिव्ह होऊन घरात अडकलेला. तो आल्याशिवाय काहीच करायचं नाही, असं काकांनी ठरवलं. काकू गिरिजाच्या मॉर्च्युरीत राहिल्या.

पहिल्या आठवड्यात काका बघायला आले. गिरिजानं काकूंचे केस धुऊन, वाळवून मधोमध भांग पाडला होता, कपाळावर बारीकशी टिकली लावली होती. काका बायकोकडं बघतच राहिले. मग गिरिजाचा हात धरून म्हणाले, "झोपल्यासारखी दिसते गं. तू आहेस म्हणून बरं. आपलं माणूस आहे म्हटल्यावर काळजी नाही." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "समर येईपर्यंत अशीच राहील ना?"

"काका, थंडीनं सगळं मंद होतं. थांबत नाही," गिरिजा म्हणाली. "पण आम्ही काळजी घेऊ."

काकांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

पुढच्या आठवड्यात टीव्हीवर नकाशा लाल झाला. दक्षिण इंग्लंडात चाळीस अंश होणार, असं कधी झालं नव्हतं. आबांना गंमत वाटली. "हे आमचं चैतातलं ऊन," म्हणाले. पण इथल्या घरांना ते ऊन सोसायची सवय नव्हती, खिडक्या अर्ध्याच उघडायच्या, भिंती थंडी बाहेर ठेवायला बांधलेल्या. मॉर्च्युरीचंही तेच. तिथं कप्प्यांच्या दोन रांगा होत्या, एक नवी, एक फार जुनी. जुन्या रांगेची यंत्रं आपली उष्णता मागच्या अरुंद बोळात फेकायची आणि बोळातली हवा तापली की त्यांना ती फेकायला जागाच उरायची नाही. जूनमधल्या जराशा उकाड्यातसुद्धा आकडा वर सरकला होता.

गिरिजा शुक्रवारी कॉलिनकडं गेली. "भाड्यानं एक फिरतं कूलिंग युनिट मागवू या. जुनी रांग टिकणार नाही."

"विचारलंय वर," कॉलिन म्हणाला. "दोन दिवसांच्या उन्हासाठी कुणी सही करणार नाही, गिरिजा. उगाच धास्ती घेऊ नकोस."

सोमवारी कॉलिन रजेवर होता. दुपारी अलार्म वाजला. जुन्या रांगेचा आकडा सहावर गेला, मग नऊवर, मग ती बघत असतानाच आणखी वर. मागच्या बोळात पाऊल टाकलं तर तोंडावर भट्टीसारखी झळ आली. तिनं कॉलिनला फोन लावला. तो म्हणाला, "इंजिनिअर संध्याकाळपर्यंत येतोय. तोवर नव्या रांगेत जागा असेल तितके हलव." जागा मोजक्याच होत्या. तिनं अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या आसपासच्या फ्युनरल डायरेक्टरांना फोन केले. सगळ्यांच्या खोल्या भरलेल्या, नाहीतर त्यांचीच यंत्रं धापा टाकत होती. शेवटी ती आणि एक पोर्टर, अशी दोघंच उरली.

कुणाला हलवायचं हे तिनंच ठरवायचं होतं.

सकाळी वॉर्डातून आलेली माणसं होती, अंगात अजून ऊब असलेली. त्यांच्या आत सगळं जोरात चाललेलं असणार. त्यांना आधी गार करायला हवं होतं. एक लहान बाळ होतं. त्याबद्दल विचार करायचा प्रश्नच नव्हता. राहिलेली एक जागा. सुचेताकाकू दोन आठवडे चार अंशांवर होत्या, आतपर्यंत गार. एवढं गार शरीर तापायला वेळ लागतो, संध्याकाळपर्यंत सहज तग धरेल. हा हिशेब बरोबर होता. पण दुसराही एक हिशेब होता आणि तोही तिला येत होता. दोन आठवड्यांत क्रिया मंद झाल्या तरी थांबलेल्या नव्हत्या. पोस्टमॉर्टेमसाठी शरीर उघडून पुन्हा शिवलेलं होतं. तिथं एकदा ऊब पोचली की मग आवरत नाही.

काकूंच्या कप्प्याच्या दाराची मूठ तिनं धरली होती. पोर्टर ट्रॉली घेऊन वाट बघत उभा होता.

"ही का?" त्यानं विचारलं.

"नाही," गिरिजा म्हणाली. "शेजारचे." शेजारी रीडिंग गावचे एक गृहस्थ होते, आदल्या दिवशी आलेले. त्यांना तिनं नव्या रांगेत हलवलं.

इंजिनिअर संध्याकाळी आला नाही. सुपरमार्केटांचे फ्रिज बंद पडले होते, ऑपरेशन थिएटरं तापली होती, सगळे तिकडं धावत होते. मंगळवारी खरंच चाळीस अंश झाले. गिरिजानं किचनमधून बर्फ मागितला. किचननं दोन बादल्या दिल्या आणि वॉर्डांनाच पुरत नाही म्हणून हात वर केले. दुकानांत बर्फाची पिशवी शिल्लक नव्हती. होता तो बर्फ तिनं टॉवेलात गुंडाळून सगळ्यांना थोडा थोडा वाटला. तो बघता बघता पाणी झाला. तापलेल्या त्या खोलीत ती फरशी पुसत राहिली आणि पुसता पुसता काय चाललंय ते तिला नाकानं कळत राहिलं.

बुधवारी इंजिनिअर आला. रांग पुन्हा चारावर आली. गिरिजानं एकेक कप्पा उघडला. काकूंचा उघडला आणि काही वेळानं लावून घेतला.

गुरुवारी समर विमानातून थेट हॉस्पिटलला आला. सोबत काका. नातेवाइकांच्या त्या छोट्या खोलीत, निळ्या सोफ्यावर, दोघं बसले. कॉलिन परत आला होता, पण "तुमची भाषा येते तिला," म्हणत त्यानं गिरिजाला पुढं केलं आणि स्वतः दाराजवळ उभा राहिला.

"काका," ती म्हणाली, "आता नका बघू काकूंना."

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. यंत्र बंद पडलं, उष्णता वाढली, शरीरात बदल झाला. चेहरा ओळखू येणार नाही. शवपेटी बंदच ठेवावी लागेल.

समर इंग्लंडातच जन्मलेला. त्याचं मराठी आईनं शनिवारी शिकवलेलं. "माझी आईचा चेहरा मला बघायचं आहे," तो म्हणाला. "जस्ट टू मिनिट्स. प्लीज. मी नऊ तास बसून आला आहे."

"मला माहितीये समर. पण तू तेच लक्षात ठेवशील. मग दुसरं काही आठवणार नाही."

समर रडायला लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. काका रडले नाहीत. त्यांनी विचारलं, "सगळ्यांचं असं झालं?"

गिरिजाला खोटं बोलता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "काहींना हलवता आलं."

"तू होतीस तिथं?"

"होते."

"आणि आमची सुचेता राहिली."

काका उठले, समरला धरून उठवलं आणि तिच्याकडं न बघता बाहेर गेले. कॉलिन तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "छान सांभाळलंस." तिला त्याचा हात झटकून टाकावासा वाटला.

बंद पेटीत अंत्यविधी झाला. गिरिजा आणि प्रज्ञेश मागच्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. गर्दी होती, लोक भिंतीला टेकून उभे होते, तरीही राहिल्या.

त्यानंतरच्या रविवारी शशिकांतकाका त्यांच्या घरी आले, फोन न करता. दार आबांनी उघडलं. प्रज्ञेश आणि अन्वी पोहायला गेलेले. गिरिजा वरून खाली येईपर्यंत काका समोरच्या खोलीत बसले होते आणि आबा, पाहुण्याला बघून झालेल्या आनंदात, चहाचं विचारत होते.

"तुम्ही गिरिजाचे वडील," काका म्हणाले.

"होय साहेब. कडूबा. शिक्षक होतो मी, रिटायर झालो."

"मग तुम्हाला सांगायला हवं. माझी बायको गेली. तुमच्या मुलीच्या मॉर्च्युरीत ठेवली होती."

आबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "लॅब," ते म्हणाले. "लॅबमधी असती ती."

काकांनी एकदा आबांकडं आणि एकदा जिन्यातल्या गिरिजाकडं बघितलं. त्यांना कळलं, आणि कळूनही ते थांबले नाहीत. "लॅब नाही हो. प्रेतं सांभाळते ती. मीच सगळ्यांना सांगत होतो, आपली मुलगी आहे तिथं, चिंता नाही. उन्हात फ्रिज बंद पडला. परक्या माणसांना उचलून गारव्यात ठेवलं आणि माझ्या सुचेताला..." त्यांना पुढं बोलवेना. मग हळूच, जणू स्वतःशीच, ते म्हणाले, "चूक माझीच. त्यांच्या हाती द्यायलाच नको होतं."

"त्यांच्या" म्हणजे कुणाच्या, हे त्यांनी सांगितलं नाही. हॉस्पिटलवाल्यांच्या असेल. प्रज्ञेशनं नंतर तसंच म्हटलं, "दुःखात बोलला म्हातारा, तू भलते अर्थ काढतेस." पण प्रज्ञेश तिथं नव्हता. आबा होते, आणि आबांनी तो शब्द आयुष्यभर ऐकलेला होता. त्यांना तो अंगावर पडायच्या आधीच कळायचा.

गिरिजाला वाटलं, आता आबा उठतील आणि दार दाखवतील.

आबा उठले. काकांसमोर वाकले आणि त्यांनी हात जोडले. "साहेब, पोरीची चूक झाली. पदरात घ्या. माफ करा."

"आबा!" गिरिजा ओरडली.

आबांनी तिच्याकडं बघितलंही नाही. जोडलेले हात तसेच होते. काका गोंधळले, "अहो, असं नका करू," असं काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले.

दार लागल्यावर आबा किचनमध्ये जाऊन खुर्चीवर बसले.

"लॅब म्हणालीस."

"हो."

"माझा बाप ढोरं ओढायचा. ते सोडावं म्हणून अख्खा जन्म खडी फोडली त्यानं. अन्‌ तू एम. एस्सी. होऊन, सात समुद्र ओलांडून..."

"ही ढोरं नाहीत आबा. माणसं आहेत. अन्‌ हे काम मला कुणी लादलेलं नाही."

"गावाला काय सांगू ते?"

आबांनी डोळे पुसले आणि मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. त्यांनी फ्रिज कसा बंद पडला ते विचारलं, कुठल्या शरीराला किती दिवस झालेले ते विचारलं. तिनं सगळं सांगितलं, काकूंना का ठेवलं तेही, आतपर्यंत गार शरीर तापायला वेळ लागतो म्हणून.

"अन्‌ दोन आठवड्यांत जे सुरू झालेलं असतंय, त्याचं काय?" आबा म्हणाले. "ऊब लागल्यावर ते दबून राहायलंय व्हय? हे मी तुला सातवीत शिकवलंय. कळत नव्हतं तुला?"

"कळत होतं."

"मग?"

"इंजिनिअर संध्याकाळी येणार होता."

"अन्‌ नाही आला तर, हे कळत नव्हतं? खरं सांग."

गिरिजा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "ओळखीच्या होत्या," ती शेवटी म्हणाली. "एकच जागा होती. तिथं काकूंना ठेवलं असतं तर लोक म्हणाले असते, आपल्या माणसाला पहिली जागा दिली. म्हणून नाही दिली. का खरंच हिशेब करून नाही दिली, तेही आता मला सांगता येत नाही."

आबा हसले. असं हसू तिनं त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. "त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच माणसांना पहिली जागा दिली," ते म्हणाले. "अन्‌ न्याय करायला तुला त्यांचीच बाई सापडली?"

आबांचं परतीचं तिकीट सप्टेंबरचं होतं. पाय दुखतो, इथलं पाणी सोसत नाही, असं म्हणत त्यांनी ते ऑगस्टमधलं करून घेतलं. तोवर ते अन्वीशी खेळले, प्रज्ञेशसोबत बागेत गवत कापलं, गिरिजाच्या हातचं सगळं खाल्लं. मॉर्च्युरीचा शब्द काढला नाही. एअरपोर्टवर अन्वीनं विचारलं, "आबा, तुम्ही परत कधी येणार आहे?" ते म्हणाले, "बघू." गिरिजानं पायांना हात लावला तेव्हा त्यांनी तिला उठवलं, पण नेहमीसारखं जवळ घेतलं नाही.

हॉस्पिटलनं चौकशी केली. कॉलिननं सांगितलं की जुनी रांग टिकणार नाही याची कल्पना कुणालाच नव्हती, आणि कुणाला हलवायचं हा निर्णय ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्याचा होता. पहिली गोष्ट खोटी होती आणि दुसरी खरी. गिरिजा म्हणाली, मी शुक्रवारी सांगितलं होतं. कॉलिननं तिच्याकडं दुःखानं बघितलं आणि त्याला तसं काही आठवत नसल्याचं सांगितलं. निष्कर्ष निघाला की हवामान असाधारण होतं, कुणाचा दोष नाही. गिरिजाला ताणाखाली निर्णय कसे घ्यावेत याच्या एका ट्रेनिंगला पाठवलं. रीडिंगच्या त्या गृहस्थांच्या मुलीनं मात्र फुलं पाठवली होती. वडिलांचा चेहरा किती शांत दिसला, याबद्दल आभार मानायला. ती फुलं गिरिजानं ऑफिसात ठेवली आणि वाळायच्या आधीच टाकून दिली.

ती आणखी एक वर्षभर तिथं राहिली. पण आता कप्पा उघडताना तिचा हात मुठीवर थबकायला लागला. म्हाताऱ्यांशी बोलणं बंद झालं. अन्वीचा शनिवारचा मराठीचा वर्ग दुसऱ्या बाई घ्यायला लागल्या होत्या. त्यांनी यादीत अन्वीचं नाव राहून गेलं असं सांगितलं. प्रज्ञेश म्हणाला, "राहून गेलं असेल." गिरिजा त्याच्याशी भांडली नाही. भांडायला अजून काहीतरी आशा लागते.

बेसिंगस्टोकला औषधं तपासणाऱ्या एका कंपनीत जागा निघाली आणि या वेळी तिला ती मिळाली. आता तिच्याकडं यूके एक्स्पीरियन्स होता. तिथं गोळ्यांच्या बाटल्या वेगवेगळ्या तापमानाच्या कपाटांत महिनोन्‌महिने ठेवतात आणि आतले रेणू कसे तुटतात ते मोजतात. चाळीस अंशांच्या कपाटात गोळी लवकर बिघडते; तिच्यावरून घरच्या शेल्फावरची किती टिकेल याचा अंदाज बांधतात. काम सोपं होतं, खोली स्वच्छ होती, कोटावर तिचं नाव आणि खाली केमिस्ट असं शिवलेलं होतं. बाटल्यांवर फक्त नंबर. बिघडलेली बाटली नोंद करून पिवळ्या डब्यात टाकायची.

पहिल्या दिवशी प्रज्ञेशनं तिचा कोटातला फोटो काढून जिंतूरला पाठवला. लगेच आबांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मागं दोनतीन शेजारी दाटीवाटीनं उभे होते. आबांचा आवाज चढला होता, डोळे भरले होते. कॅमडेनच्या त्या खोलीतून बाहेर आल्यावर होते तसेच.

"शेवटी निघालीस बाई त्यातून," ते म्हणाले. "सुटलीस!"

"आबा, मला सुटायचं नव्हतं," गिरिजा म्हणाली.

"आवाज येत नाही," आबा म्हणाले. येत होता.

त्या दिवसापासून गिरिजा आपणहून फोन करत नाही. रविवारी प्रज्ञेश लावून देतो, ती अन्वीला स्क्रीनसमोर बसवते आणि कपडे वाळत घालायला मागं निघून जाते.